फोटो हलका करा, पुरावा नको!

धानाच्या नुकसानीपासून वनहक्काच्या दाव्यापर्यंत मोबाइलचा फोटो आता लागतोच. त्याचे वजन कमी करण्याची साधी रीत

पूर्वी नुकसानीचा पंचनामा म्हटला की तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील आणि गावचे दोन पंच जमले की काम भागत असे. आता या सर्वांच्या जोडीला मोबाइलमधला फोटो आला आहे. रानडुकरांनी धानाची बांधी लोळवली, फोटो काढा. घरकुलाचा पाया भरला, फोटो काढा. सातबाऱ्यावर पीक चढवायचे आहे, बांधावर उभे राहून फोटो काढा. फोटो काढणे एव्हाना म्हाताऱ्या माणसांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांना जमू लागले आहे. अडते ते पुढे. फोटो अपलोड करायला बसले की चक्र फिरत राहते आणि शेवटी लाल अक्षरांत 'फाइल साइज जास्त आहे' असा संदेश येतो. केंद्रचालक म्हणतो, "भाऊ, हा फोटो घेत नाही. साइज कमी करून आणा." पण साइज कमी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे समजावून सांगायला त्याला वेळ नसतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ही अडचण इतर ठिकाणांपेक्षा जास्त जाणवते. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा, इकडे जिवती या भागांत जंगलाच्या आतल्या अनेक गावांना रेंजसाठी टेकडीवर नाहीतर डांबरी रस्त्यापर्यंत यावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. आणि नुकसान होते तेही नेमके याच दिवसांत. नुकसान कळवण्याची मुदत मात्र ठरलेली असते. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर वनविभागाकडे तीन दिवसांच्या आत तक्रार जावी लागते. पीक विम्यातही नैसर्गिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट राहत आली आहे. या ७२ तासांपैकी किती तास फोटो जाण्याची वाट पाहण्यात घालवायचे, याचा विचार कास्तकाराने आणि गावच्या कर्मचाऱ्याने दोघांनीही करायला हवा.

आता हा विषय का महत्त्वाचा

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच फोटोसह करण्याची पद्धत आली. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोन वेळा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या नोंदीसह जातो.

त्यात भर म्हणजे, वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून धरण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. धानाचे शेत पाण्याखाली जाण्याचा धोका २०१८ मध्ये या यादीतून वगळला होता, तोही परत घेतला. खरीप २०२६ पासूनच्या या तरतुदीत नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पीक विमा अ‍ॅपवर जागेची नोंद असलेले फोटो टाकायचे आहेत. हे जादा संरक्षण कोणत्या जिल्ह्याला आणि कोणत्या प्राण्यांसाठी लागू होणार, हे राज्य सरकारने अधिसूचित करायचे असते. म्हणून आपल्या भागाला ते लागू आहे का, हे कृषी कार्यालयात आधी विचारून घ्यावे. पण डुक्कर, रोही, चितळ आणि ऑक्टोबर २०२१ पासून गडचिरोलीत वावरणारे रानटी हत्ती हे ज्यांच्या वावरात रोजचे झाले आहेत, त्यांनी फोटोची ही विद्या शिकून ठेवलेली बरी.

एका फोटोचे वजन किती?

आजच्या साध्या मोबाइलचा फोटो बहुधा १२ मेगापिक्सेलचा असतो. म्हणजे आडवे ४,००० आणि उभे ३,००० असे एकूण सव्वा कोटीच्या आसपास, नेमके सांगायचे तर १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट लागतात. हिशेब केला तर एक फोटो ३६ एमबीचा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो ३ ते ५ एमबीचा असतो, कारण मोबाइल तो साठवतानाच दाबून बसवतो.

आता नेटचा हिशेब पाहू. जंगलालगतच्या गावात फोटो वर पाठवण्याचा वेग सेकंदाला १०० किलोबिट मिळाला असे धरले, तर ४ एमबीचा एक फोटो जायला ५ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोच फोटो ४०० केबीचा केला तर अर्ध्या मिनिटात जातो. एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा हिशेब सोपा आहे.

आता तलाठ्याच्या, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या बाजूने पाहू. एका साजात १०० शेतकऱ्यांचे नुकसान झाले आणि प्रत्येकी चार फोटो घेतले, तर ४०० फोटो होतात. ४ एमबीच्या हिशेबाने ते १,६०० एमबी झाले. वरच्याच वेगाने ते पाठवायला ३५ तास लागतील. ४०० केबीचे केले तर साडेतीन तासांत काम होते. पंचनाम्याच्या धावपळीत हा फरक लहान नाही.

धानाच्या बांध्या आणि फोटोतल्या चौकटी

फोटो दाबून बसवण्याची जी पद्धत जगभर चालते तिला जेपेग म्हणतात. तिचे प्रमाण १९९२ मध्ये ठरले. तिच्या मुळाशी जे गणित आहे, ते मांडणारा माणूस आपल्याच देशातला, बंगळूरमध्ये जन्मलेला. नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये हे गणित अमेरिकेत प्रसिद्ध केले. ही कल्पना त्यांनी आधी तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेकडे अनुदानासाठी पाठवली होती, पण अनुदान मिळाले नाही. आज आपल्या मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो त्या गणिताच्या आधारावर उभा आहे.

ही पद्धत शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. आपण जसे शेताचे धुरे टाकून बांध्या पाडतो, तशी जेपेग फोटोच्या लहान लहान चौकटी पाडते. प्रत्येक चौकटीत आडवे ८ आणि उभे ८, असे ६४ ठिपके. ज्या चौकटीत सगळे सारखेच आहे, उदाहरणार्थ मोकळे आभाळ, तिथे सगळे ठिपके वेगवेगळे लिहायची गरज नसते. एकदाच 'इथे निळे' असे लिहिले की भागते. जिथे बारीकसारीक फरक जास्त, तिथे लिहायचेही जास्त. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक चटकन कळतो, रंगाचा बारीक फरक तितका कळत नाही. त्याचा फायदा घेऊन ही पद्धत डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून देते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. त्याच मोबाइलने काढलेला आभाळाचा फोटो हलका असतो आणि निसवलेल्या धानाचा फोटो जड असतो, कारण लोंब्या, पाती आणि सावल्या यांत बारकावे फार. म्हणजे शेतीचे फोटो मुळातच वजनदार. आणि ते बेताने न दाबता फार दाबले, तर जातात तेही हेच बारकावे. कडाकरप्याचे चट्टे, तुडतुड्यांनी करपवलेले बुंधे, डुकराच्या खुराचा ठसा, हे सगळे त्या बारकाव्यांतच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे टाकून दिलेला बारकावा परत येत नाही. हलका केलेला फोटो पुन्हा हलका केला, तो दुसऱ्याला पाठवला, त्याने पुन्हा हलका केला, तर झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखे होते. चौथ्या-पाचव्या प्रतीत गट नंबरची पाटीही वाचता येत नाही.

तीन प्रकार वेगळे ठेवा

सगळेच फोटो हलके करायचे नसतात. त्यांचे तीन प्रकार पाडून घ्यावेत.

पहिला प्रकार अ‍ॅपच्या आतून काढलेल्या फोटोंचा. ई-पीक पाहणी, पीक विमा, हजेरी किंवा घरकुलाचे अ‍ॅप स्वतःच कॅमेरा उघडते, जागेचे अक्षांश-रेखांश जोडते आणि फोटोचा आकारही स्वतःच ठरवते. यात आपण हात घालायचा नाही. इथे फक्त मोबाइलचे लोकेशन सुरू आहे का ते पाहावे, आभाळाखाली उघड्यावर उभे राहून एक-दोन मिनिटे थांबावे आणि मग फोटो घ्यावा. ई-पीक पाहणीत रेंज नसली तरी नोंद मोबाइलमध्ये राहते आणि रेंजमध्ये आल्यावर ती अपलोड करता येते. मात्र अपलोड झाल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅप काढून टाकू नये आणि मोबाइलही 'साफ' करायला कोणाच्या हाती देऊ नये. नोंद शेतातच केली, पण अपलोड करायची राहून गेली, असे झाले तर ती कार्यालयापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरा प्रकार आपण साध्या कॅमेऱ्याने काढून नंतर अर्जाला जोडायच्या फोटोंचा. वनविभागाचा नुकसानभरपाईचा अर्ज, महाडीबीटीवरचा अवजारांचा अर्ज, आपले सरकार पोर्टलवरचे दाखले, पोरापोरींचे भरतीचे अर्ज. हे फोटो हलके करावे लागतात.

तिसरा प्रकार आपल्याजवळ पुरावा म्हणून राहणाऱ्या मूळ फोटोचा. याला कधीही हात लावायचा नाही. हलकी करायची ती नेहमी त्याची नक्कल. मूळ सातबारा घरी ठेवून आपण जशी झेरॉक्स जोडतो, तसेच हे आहे.

हलका करण्याची रीत

वजन कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे फोटो कमी काढणे. एकाच बांधीचे वीस फोटो काढून काही साधत नाही. चार पुरेत. एक संपूर्ण बांधीचा. एक नुकसान झालेल्या भागाचा. एक अगदी जवळून, ज्यात लोंबी, खूर किंवा कीड दिसते. आणि एक असा की ज्यात विहीर, मोहाचे झाड, बोडी, विजेचा खांब अशी कायमची खूण दिसेल. खुराच्या ठशाशेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवावा, म्हणजे मोठेपणाचा अंदाज येतो. फोटो घेण्यापूर्वी कॅमेऱ्याची काच धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या कोरड्या टोकाने पुसून घ्यावी. धूसर फोटो जसाच्या तसा पाठवला काय अन् हलका करून पाठवला काय, उपयोगाचा नाही.

दुसरा उपाय म्हणजे नको तो भाग कातरणे. फोटोत अर्धे आभाळ आणि पाव रस्ता आला असेल तर 'क्रॉप' करून तेवढा भाग काढून टाकावा. पण नुकसानीच्या फोटोतली कायमची खूण कातरून टाकू नये.

तिसरा आणि खरा उपाय म्हणजे ठिपके कमी करणे. याला 'रीसाइझ' म्हणतात. ४,००० बाय ३,००० चा फोटो १,६०० बाय १,२०० चा केला की ठिपके सहा पटींनी कमी होतात. ४ एमबीचा फोटो ६०० ते ७०० केबीवर येतो आणि मोबाइलच्या पडद्यावर किंवा कागदावर छापला तरी फरक चटकन दिसत नाही. नुकसानीच्या फोटोला हे माप चांगले. काही मोबाइलच्या गॅलरीतच रीसाइझची सोय असते. नसेल तर नेटशिवाय चालणारे एखादे फोटो लहान करण्याचे अ‍ॅप एकदा टाकून घ्यावे.

चौथा उपाय म्हणजे दर्जा, म्हणजेच 'क्वालिटी' कमी करणे. ती शंभरपैकी ७५ ते ८० ठेवली तर वजन बरेच उतरते आणि फोटो बिघडत नाही. ती ३०-४० वर आणली की चौकटी डोळ्याला दिसू लागतात. म्हणून आधी ठिपके कमी करावेत, मग गरज पडली तर दर्जा. बरेच लोक उलट करतात, फोटो तेवढाच मोठा ठेवून दर्जा तळाला नेतात आणि फोटो चिखल होतो.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी विंडोजमधला साधा 'पेंट' पुरेसा आहे. फोटो उघडावा, 'रीसाइझ' दाबावे, 'पिक्सेल' निवडून आडवे माप १,६०० टाकावे. लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेवण्याच्या खुणेवर टिक असली की उभे माप आपोआप येते. मग 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जेपेग निवडून नवे नाव द्यावे. नुसते 'सेव्ह' केले तर मूळ फोटो जातो, हे विसरू नये. शेकडो फोटो एकाच वेळी हलके करायचे असतील तर 'इरफानव्ह्यू' नावाचा प्रोग्राम आहे. तो घरगुती वापराला फुकट आहे. त्यात 'बॅच' ची सोय आहे. एकदा माप सांगितले की सगळे फोटो नव्या फोल्डरमध्ये हलके होऊन पडतात.

काही गैरसमजही काढून टाकायला हवेत. फोटो 'झिप' केल्याने त्याचे वजन जवळजवळ उतरत नाही, तो आधीच दाबलेला असतो. 'डीपीआय' चा आकडा नुसता बदलल्याने फाइल हलकी होत नाही, तो आकडा छपाईसाठी असतो. फाइलचे नाव बदलून शेवटी पीएनजीच्या जागी जेपीजी लिहिल्याने तिची जात बदलत नाही. आयफोन आणि काही नवे मोबाइल फोटो 'हेइक' नावाच्या प्रकारात साठवतात आणि अनेक पोर्टल तो घेत नाहीत. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात.

फार हलकाही चालत नाही

पोर्टलला जशी वरची मर्यादा असते, तशी खालचीही असते. आपले सरकार पोर्टलवर नोंदणी करताना पासपोर्ट फोटो ५ ते २० केबीचा, रुंदी १६० आणि उंची २०० ते २१२ पिक्सेल अशी अट दिलेली असते. कागदपत्रांना ७५ ते ५०० केबीची अट असते. बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी मापे असतात. म्हणजे चेहऱ्याचा फोटो ४ केबीचा झाला तरी तो नाकारला जाणार. अशा वेळी दर्जाचा आकडा थोडा वाढवून पुन्हा साठवावा. या अटी पोर्टलनुसार वेगळ्या असतात आणि बदलतातही. म्हणून अर्ज भरताना त्याच पानावर लिहिलेली अट वाचून मगच फोटो तयार करावा.

ऐन शेवटच्या दिवशी हे करत बसू नये. स्वतःचा आणि घरातल्यांचा पासपोर्ट फोटो, सही आणि नेहमी लागणारी कागदपत्रे दोन-तीन मापांत तयार करून एका फोल्डरमध्ये ठेवली तर दर वर्षीची धावपळ वाचते.

व्हॉट्सअ‍ॅपने पाठवला की काय होते?

गावात फोटो फिरतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे फोटो आपोआप हलका होतो, म्हणून अनेकांना ही सोपी युक्ती वाटते. स्वतःलाच फोटो पाठवून तो उतरवून घेतात. अर्जासाठी नुसता चेहऱ्याचा फोटो असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. नुकसानीच्या फोटोत मात्र मोठे नुकसान होते.

मोबाइलचा फोटो म्हणजे नुसते चित्र नसते. लोकेशन सुरू असेल तर त्याच्या पोटात तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही पोटातली माहिती निघून जाते. समोरच्याच्या हाती नुसते चित्र पडते. ते कोणत्या दिवसाचे, कोणत्या गटातले, हे सांगायला काही उरत नाही. स्क्रीनशॉट काढला तरी हेच होते. माहिती जशीच्या तशी पोहोचवायची असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. क्लिपच्या खुणेवर दाबून 'डॉक्युमेंट' निवडले की मूळ फाइल जाते. ती जड असते, पण पूर्ण असते.

फोटो हलका करणारी काही अ‍ॅपही ही माहिती पुसतात. म्हणून हलका केलेला फोटो उघडून 'तपशील' मध्ये तारीख आणि जागा शिल्लक आहे का, हे एकदा पाहून घ्यावे. फोटोवरच तारीख आणि अक्षांश-रेखांश छापणारी अ‍ॅपही आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण छापलेली अक्षरे बारीक असतात. हलके केल्यावर ती वाचता येतात की नाही, हे पाहूनच फोटो जोडावा.

कागदपत्रांच्या बाबतीत सावधगिरी

आधार कार्ड, बँक पासबुक, सातबारा यांची साइज कमी करून देणाऱ्या अनेक वेबसाइट आहेत. त्यांवर आपली कागदपत्रे टाकणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणे. हे काम नेटशिवाय चालणाऱ्या अ‍ॅपवर किंवा विश्वासाच्या संगणकावरच करावे. केंद्रात काम झाल्यावर आपली कागदपत्रे तिथल्या संगणकावरून काढून टाकायला सांगावीत. त्यात संकोच कशाचा? जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही, तिथे पहिले आठ आकडे झाकलेले 'मास्क्ड आधार' द्यावे.

कागदाचा फोटो घेताना तो खिडकीजवळच्या उजेडात, सपाट ठेवून, वरून सरळ घ्यावा. चारी कडा कातराव्यात. काळ्या-पांढऱ्या रंगात साठवला तर वजन आणखी उतरते. डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफमध्ये मिळतो. ती फाइल दाबून पुन्हा साठवली की डिजिटल सही तुटते. म्हणून ती मुळात बसत असेल तर तशीच जोडावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

ग्रामपंचायत, चावडी आणि ग्रामसभा

ग्रामपंचायत अधिकारी, रोजगार सेवक आणि महसूल कर्मचारी यांच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो पडलेले असतात. बदली झाली, मोबाइल पडला, की सगळे गेले. तपासणीत 'काम सुरू होण्यापूर्वीचा फोटो दाखवा' म्हटले की शोधाशोध सुरू होते. यासाठी दोन फोल्डर ठेवावेत, 'मूळ' आणि 'हलके'. दोन्हींत वर्ष, कामाचे नाव, टप्पा आणि तारीख या क्रमाने फाइलला नाव द्यावे. मूळ फोटोंची एक प्रत कार्यालयाच्या संगणकावर आणि दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. महिन्यातून एक दिवस या कामाला दिला तरी पुरे.

मूळ फोटो जपण्याला आता कायद्याचाही आधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात डिजिटल पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजावा. फोटो एकदा जरी हलका केला तरी हा ठसा बदलतो. शिकारीचे प्रकरण असो की अतिक्रमणाचे, मूळ फाइल हाताशी नसेल तर पुढे अडचण येऊ शकते. वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनी आणि पोलीस पाटलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

बारकाव्याची किंमत किती असते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. वाघ ओळखला जातो तो अंगावरच्या पट्ट्यांवरून. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो टिपले. त्यांत वाघांचे फोटो ७६,६५१ निघाले. ताडोबाचा वाघ असो की आणखी कुठला, त्याचे पट्टे फोटोत फिसकटले तर एक वाघ दोनदा मोजला जाईल किंवा दोन वाघ एक होतील.

वनहक्काच्या दाव्यांनाही हेच लागू आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात शेकडो ग्रामसभा या वाटेने गेल्या. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून घर, झोपडी, जमिनीचे सपाटीकरण, बांध, तसेच गावाचे जुनेपण सांगणाऱ्या विहिरी, स्मशानभूमी आणि पूजेची ठिकाणे यांचा उल्लेख आहे. या सर्वांचे फोटो ग्रामसभेने आजच काढून, जागेच्या नोंदीसह, मूळ स्वरूपात जपून ठेवावेत. जुना बांध वाहून जातो, झाड पडते, विहीर बुजते. फोटो नीट जपला तर पुढच्या पिढीला तो दाखवता येईल. बांबू आणि तेंदूच्या हिशेबाचे, डेपोतल्या मालाचे फोटोही ग्रामसभेच्या नावाने वेगळे ठेवावेत.

प्रत्येक गावात मोबाइल चांगला हाताळणारी दोन-चार मुले-मुली असतात. पऱ्हे टाकण्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत ग्रामपंचायतीने त्यांना बसवून एक दुपार या कामाला दिली आणि गावातल्या प्रत्येक खातेदाराला फोटो काढणे, हलका करणे आणि मूळ जपणे शिकवले, तर त्याला एक रुपयाही खर्च येत नाही. नुकसान झाल्यावर मात्र शिकायला वेळ मिळत नाही.

कापून ठेवावे असे काही

• मूळ फोटोला हात लावू नये. नेहमी नक्कल हलकी करावी.

• सरकारी अ‍ॅपच्या आतून काढलेला फोटो हलका करण्याच्या भानगडीत पडू नये. अपलोड झाल्याची खात्री करावी.

• नुकसानीच्या फोटोसाठी १,६०० बाय १,२०० पिक्सेल आणि ७५ ते ८० दर्जा हे माप चांगले.

• आधी कातरावे, मग ठिपके कमी करावेत, शेवटी दर्जा.

• व्हॉट्सअ‍ॅपवर पुराव्याचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावा.

• हलका केल्यावर फोटो उघडून पाहावा. गट, खूण, तारीख दिसते का? दिसत नसेल तर पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात करावी.

• पोर्टलवरची खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा वाचाव्यात.

• फोटो गेला नाही म्हणून तोंडी किंवा लेखी तक्रार थांबवू नये. मुदतीत वनरक्षकाकडे किंवा कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि फोटो त्याला जोडावेत.